आबांनी बल्गेरियात भट्टी का घेतली

गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं होतं. विषय होता, पूर्वी कम्युनिस्ट असलेल्या देशांत बाहेरचा पैसा कशामुळे जातो. अशा एका देशात मी आमच्या मालकांची फौंड्री काही वर्षं चालवली, एवढीच माझी लायकी. कोट घालून गेलो, पडद्यावर चित्रं दाखवली आणि तासभर अगदी गंभीर चेहऱ्यानं थापा मारल्या. शिकलेला तरी स्वस्त कामगार, जवळची बाजारपेठ, करात सवलत, युरोपचं उघडं दार. पोरं भराभरा लिहून घेत होती. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, हे सगळं आजूबाजूच्या चार देशांतही असेल की. मग तुम्ही तिथंच का गेला?" मी घड्याळाकडं बघितलं आणि वेळ संपल्याचं जाहीर केलं. शाल-नारळ घेऊन घरी आलो, खरं ती पोरगी काही डोक्यातून जाईना. हे तिच्यासाठी लिहितोय.

मी सदाशिव चौगले, मूळचा मुरगूडचा. सगळा जन्म फौंड्रीत गेला. फौंड्री म्हणजे काय, असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, गार झालं की साचा फोडायचा; आतून ट्रॅक्टरचा नाहीतर पंपाचा भाग निघतो. ऐकायला सोपं आहे. पण वाळूत ओल जराशी जास्त झाली की लोखंडाच्या पोटात भोकं पडतात, आणि ती आपल्याकडं दिसत नाहीत, गिऱ्हाइकाच्या कारखान्यात गेल्यावर दिसतात. त्यामुळे फौंड्रीवाला माणूस जन्मभर संशयी राहतो. बायको म्हणते, मी पुरणपोळीसुद्धा आधी मोडून आत बघतो आणि मग खातो.

आमचे मालक आबासाहेब, सगळ्या जगाचे आबा. गाव नेसरीकडचं, कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडचं आणि आवाज भट्टीच्याही वरचा. माणूस दिलदार. कामगाराच्या घरी लग्न असलं तर आधी हे हजर. फक्त एक होतं, इर्षेला पेटले की आवरायचे नाहीत. आता इर्षा हा काही आमच्याकडं दुर्गुण मानत नाहीत. तालमी, मंडळं, मिरवणुका, सोसायटीच्या निवडणुका, सगळं तिच्यावरच तर चालतं.

आबांची मुलगी गडहिंग्लजच्या तात्यांच्या घरात दिलेली. म्हणजे तात्या आबांचे व्याही. त्यांचा मशीनशॉप होता. आमच्यासारख्यांनी ओतलेलं लोखंड कातून, घासून नेमक्या मापाला आणायचा कारखाना. तर त्यांच्या नातवाचं बारसं होतं. नातू आबांचाही होताच, पण बारसं तात्यांच्या दारात, त्यामुळे माईक तात्यांच्या हातात. बारशाला माईक कशाला, असं विचारू नका. पाळणा म्हणून झाला आणि तात्या म्हणाले, "मंडळी, बाळाचा पायगुण असा की, आपण रोमानियात कंपनी घेतलीया. युरोपात!"

टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या, करतात काय. पण पंगतीत बसल्यावर जिलेबीला त्यांनी हात लावला नाही. परतताना गाडीत बसले आणि हातातला विडा खिडकीबाहेर टाकला. मग म्हणाले, "चौगले, ह्यो रोमानिया कुठं आला?"

"युरोपच्या पूर्वेला, आबा."

"त्येच्या शेजारी काय हाय?"

"खालच्या बाजूला बल्गेरिया."

"तिथं फौंड्री मिळती का बघा."

गडहिंग्लजपासून अर्ध्या तासावरचं संकेश्वर यायच्या आत निर्णय झाला होता. पुढं या विषयावरचे जाडजूड अहवाल मी वाचले, पण एकातही संकेश्वर सापडलं नाही.

मग पुण्याहून सल्लागार आणला. सुपारी फुटल्यावर पत्रिका जुळवायला गुरुजी बोलावतात, तसंच ते. त्यानं पडद्यावर बाण काढले, सगळे बाण बल्गेरियाकडं जात होते. त्याची कारणं खोटी नव्हती, हे इमानानं सांगतो. आमचं निम्मं लोखंड युरोपातल्या ट्रॅक्टरवाल्यांना जायचं. ते बोटीनं पोचायला महिना-दीड महिना, आणि तिकडं एक भोकवाला नग सापडला की अख्खा कंटेनर अडकायचा. जवळ कारखाना असला तर गिऱ्हाईक खूश. कम्युनिस्ट राजवटीत उभारलेले सरकारी कारखाने तिकडं मातीमोल भावानं निघालेले, कामगार तरबेज. सगळं खरं होतं. फक्त बारशाच्या आधी यातलं कुणाला काही सुचलं नव्हतं.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. नाव उच्चारायलाच मला सहा महिने लागले, म्हणून इथं लिहीत नाही. महापौर स्वतः वेशीवर आला, पाव आणि मीठ घेऊन. तिकडं पाहुण्याला आधी पावाचा तुकडा मिठात बुडवून देतात. आबांनी खाल्ला आणि हळूच मला म्हणाले, "कालवण न्हाय व्हय ह्येच्यासंगं?" महापौरानं सवलती सांगायला सुरुवात केली. जमीन, वीज, कर. आबांचं लक्षच नव्हतं. ते चौकातल्या एका संगमरवरी चौथऱ्याकडं बघत होते. वरचा पुतळा राजवटीबरोबर गेलेला, चौथरा तेवढा राहिलेला. महापौर हुशार. तो म्हणाला, "ही जागा सध्या मोकळीच आहे." आबांनी माझ्याकडं बघितलं. एवढी मोठी सवलत आम्हाला कुठल्याच सरकारनं आजवर देऊ केली नव्हती.

त्या बैठकीत आणखी एक गंमत झाली. तिकडं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी. आबा अर्धा तास बोलले आणि समोरचे सगळे मान आडवी हलवत बसलेले. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "चौगले, बेत फसला. एकबी हो म्हनंना." मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

कारखाना दाखवायला दोन्का नावाची बाई आली. वय पंचावन्नच्या घरात, घोगरा आवाज, सतत सिगारेट. वाळूच्या प्रयोगशाळेची मुख्य आणि कामगार संघटनेची अध्यक्ष, दोन्ही तीच. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं होतं, त्यामुळे आमचं लगेच जुळलं. एकेकाळी कारखान्याचा स्वतःचा बँड होता, समुद्रकाठी विश्रामगृह होतं. "आमच्याकडं सहकारी साखर कारखान्यात असंच असतंय की," आबा म्हणाले, "फकस्त समुद्र न्हाय."

पण आतल्या निम्म्या शेडमध्ये काहीच नव्हतं. सिमेंटच्या चौथऱ्यांतून नुसते बोल्ट वर आलेले. जिथं जिथं बोल्ट, तिथं तिथं एकेकाळी मशीन होतं. दोन्का बोल्ट दाखवत चालली होती. म्हणाली, "आमच्याकडं तुमच्या आधी तीन जण आले. पहिल्याला नदीकाठची जमीन हवी होती, ती घेऊन गेला. दुसऱ्याला आमची गिऱ्हाइकं हवी होती, ती घेऊन गेला. तिसऱ्यानं एके दिवशी सांगितलं, उद्या भट्टी एक दिवस दुरुस्तीला बंद राहील. आम्ही घरी बसलो. परत आलो तर ही शेड अशी." मग तिनं आबांना विचारलं, "तुम्ही का आलात?"

सल्लागार पुढं सरसावला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. दोन्कानं सगळे बाण शांतपणे बघितले. म्हणाली, "हे तिघांनीही दाखवले होते. त्यांचे बाण रंगीत होते."

आता एकच भट्टी चालू होती. रशियन बनावटीची, जुनी, पण दणकट. कामगारांनी तिचं नाव 'बाबा' ठेवलेलं. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. तिच्यावर गावातली दीडशेक घरं चालायची. तरणी माणसं जर्मनीला, स्पेनला निघून गेलेली, दोन्काची मुलगीसुद्धा स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करत होती. निघताना दोन्कानं मला गावातली दारं दाखवली. तिकडं माणूस गेलं की त्याचा फोटो, नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल असा एक कागद दारावर, बसस्टॉपवर, झाडावर चिकटवतात. आणि तो वर्षानुवर्षं राहतो. आपल्या चौकातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचीच धाकटी बहीण. "बाबा बंद पडली," दोन्का म्हणाली, "तर या गावात पेन्शनवाले आणि हे कागद एवढंच राहील."

सौदा झाला. कारखाना ताब्यात आला, मला तिकडं ठेवून आबा परत आले आणि त्यांनी कागलात भलामोठा फ्लेक्स लावला, 'युरोपच्या भूमीवर मराठी पाऊल'. फ्लेक्स गडहिंग्लजच्या रस्त्यावरही एक होता, हे सांगायला नकोच.

पहिलं वर्ष बरं गेलं. दोन्का आणि मी वाळूवरून रोज भांडायचो. ओल किती असावी यावर तिचं एक मत, माझं एक, आणि साचा फोडल्यावर कळायचं कुणाचं खरं. बहुतेकदा बरोबरी व्हायची. शरद ऋतूत सगळं गाव लाल मिरच्या भाजत बसायचं. गल्लीत शिरलं की नाकाला असा वास यायचा की मला मुरगूडच्या आठवणीनं भडभडून यायचं. दोन्का मला चटणीची बरणी द्यायची. तिखट अजिबात नव्हती, पण मी काही बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला आबा स्वतः तिकडं आले. नवरात्रातल्या नवव्या दिवशी आम्ही कारखानदार सगळी यंत्रं, हत्यारं बंद करून धुतो, पुसतो, हार घालतो आणि पूजा करतो. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. आबांच्या वडिलांनी घणाला हार घातला, आबांनी भट्टीला, पण नेम कधी मोडला नाही. "भट्टी युरोपात असली म्हणून काय झालं," आबा म्हणाले, "द्येवी तीच हाय."

पण नुसत्या पूजेनं आबांचं समाधान होणार होतं थोडंच? फ्लेक्स पाहिजे. तिकडं फ्लेक्सवाला मिळेना, म्हणून ऑफिसच्या प्रिंटरवर कागद काढायचं ठरलं. प्रिंटर काळा-पांढरा. मजकूर आबांनी स्वतः सांगितला. वर भट्टीचा फोटो. त्याखाली मोठ्या अक्षरात तिचं नाव, बाबा. त्याखाली, एवढी वर्षं सेवा दिली म्हणून, ती बसवल्याचं साल आणि मग चालू साल. त्याखाली, 'उद्या भट्टी बंद राहील. सकाळी सात वाजता फुलं वाहण्याचा कार्यक्रम. सर्वांनी यावे.' आणि भोवतीनं, शोभा यावी म्हणून, जाड काळी चौकट.

तुम्ही हसताय. मला तेव्हा काही म्हणजे काही लक्षात आलं नाही. दारावरचे ते कागद मी रोज बघत होतो, पण फ्लेक्स करायचा म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस दुसरा कसला विचार करतोय? भाषांतर फोनकडून करून घेतलं आणि ते दुर्दैवानं अगदी बिनचूक झालं. दोन्काला दाखवलं असतं तर तिनं जागेवर फाडून टाकलं असतं, पण ती मिरच्या भाजायला सुट्टी घेऊन बसलेली. गेटवर, कँटीनला, बसस्टॉपवर मी माझ्या हातानं कागद चिकटवले. बसस्टॉपवरच्या एका म्हाताऱ्यानं कागद वाचला आणि टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, काय श्रद्धाळू लोक आहेत!

मग हार आणायला गेलो. हार तिकडं मिळत नाहीत, पण एका दुकानात फुलांची तयार गोल चक्रं होती. भट्टीच्या गळ्यात छान बसतील अशी. दुकान दफनभूमीच्या समोर का आहे, हाही विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी सहा चक्रं मागितली. दुकानवाल्या बाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी पुटपुटली आणि भाव कमी केला. मी खूश होऊन आबांना सांगितलं की हे गाव आता आपल्याला आपलं मानायला लागलंय.

त्या महिन्यात ऑर्डरी जरा ढिल्या होत्या. कामगार आधीच कान टवकारून होते, हे मला नंतर कळलं.

आदल्या रात्रीच भट्टी बंद करून गार होऊ दिली, पहाटे धुतली, फुलांची चक्रं चढवली. आबा सोवळं नेसून उदबत्त्या लावत होते. सात वाजता कामगार आले, अख्खं गावच आलं. बायकांच्या डोक्याला काळे रुमाल, हातात मेणबत्त्या. एका आजीनं वाटीतून शिजवलेले गोड गहू वाटायला सुरुवात केली. आबांनी ओंजळभर घेतले. "बघा चौगले, ह्यांच्यातबी परसाद असतोय! आपल्या खिरीसारखाच की." ते गहू तिकडं मेलेल्याच्या नावानं वाटतात.

मग बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. गेटमध्ये आडवा ट्रॅक्टर उभा राहिला, त्याच्यामागं साखळी लागली आणि दोन्का आत आली. हात अजून मिरच्यांनी लाल. तिनं गेटवरचा कागद फाडून आणला होता.

"भट्टी बाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "या वेळी बोल्टसुद्धा जाणार नाही. तुम्हीही नाही."

तिच्या हातातला कागद बघितला आणि मला आत्ता कुठं ते दारांवरचे कागद आठवले. फोटो, नाव, दोन सालं, काळी चौकट. मी घाईघाईनं सांगायला लागलो की ही पूजा आहे, आनंदाची गोष्ट आहे, फक्त एक दिवस बंद, उद्या सुरू.

"फक्त एक दिवस," दोन्का म्हणाली. तिनं ते मागं वळून सगळ्यांना सांगितलं. गर्दीतून असा आवाज आला की मी एक पाऊल मागं घेतलं. तिसऱ्यानंही हेच शब्द वापरले होते.

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. आबांचा चेहरा पडला. माणसांनी आपल्याला चोर समजावं, हे त्यांना जन्मात कधी झेपलं नसतं.

दोन्का त्यांच्या समोर उभी राहिली. तिचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "माझी पोरगी विचारते, परत येऊ का, भट्टी राहील का. मी तिला काय सांगू? तुम्ही इथं का आलात, ते मला आज खरं सांगा."

मी सवयीनं सुरुवात केली, "जवळची बाजारपेठ..." आणि लोक चक्क हसले. त्या हसण्यात विनोद नव्हता.

तेवढ्यात आबांचा बांध फुटला. "चौगले, बास झालं ते बाजारपेठ! सांगा हिला. माज्या व्याह्यानं शेजारी घेतली, म्हणून मी हितं घेतली! त्यो बारशात माईकवर बोलला, माजी जिलेबी तशीच ऱ्हायली, म्हणून घेतली! दुसरं कायबी कारण न्हाय. जसंच्या तसं सांगा, एक शब्द इकडचा तिकडं करू नका."

आता व्याह्याला इंग्रजीत शब्द कुठं आहे? मी म्हणालो, यांच्या मुलीच्या नवऱ्याचा बाप. दोन्कानं हातातला कागद खाली केला. "स्वात?" ती म्हणाली. त्यांच्या भाषेत शब्द आहे! स्वात म्हणजे व्याही, स्वात्या म्हणजे विहीण. आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिलाही एक विहीण आहे आणि ती साधीसुधी नाही.

तिनं वळून गर्दीला सांगायला सुरुवात केली. बारसं, माईक, जिलेबी, सगळं. मग एका बाईनं दुसरीला कोपर मारलं. एक म्हातारा पुढं येऊन काही विचारायला लागला. दोन्कानं मला सांगितलं, "तो विचारतो, तुमच्या स्वातचा कारखाना अजून चालू आहे का?"

"झोकात चालू हाय," आबा दात खाऊन म्हणाले.

"मग तो चालू असताना तुम्ही आपला बंद करून घरी जाऊ शकता?" म्हाताऱ्याचा पुढचा प्रश्न.

"त्येच्या आधी? मेलो तरी न्हाय!"

मी इंग्रजीत सांगितलं, दोन्कानं ते गर्दीला सांगितलं. सगळी गर्दी मान आडवी हलवायला लागली. आबा हताश होऊन खाली बसले. "बघा, न्हायच म्हणत्यात."

"आबा, हो म्हणतायत. इकडं आडवी म्हणजे हो."

पण दोन्का अजून हलली नव्हती. "मग आत्ता पेटवा," ती म्हणाली. "आत्ता. आमच्यासमोर."

आबांनी भट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं. वडिलांपासूनचा नेम. पुजलेल्या भट्टीला हात लावायचा म्हणजे त्यांच्या लेखी काय होतं, ते मला माहीत होतं. आमचा म्हातारा मालक उघडा-बोडका, सोवळं नेसलेला, थंडीनं काकडत उभा होता. त्यानं भट्टीपुढं हात जोडले, बराच वेळ जोडलेले ठेवले. मग म्हणाला, "द्येवीला व्याही असत्याल तर तिला कळंल." आणि स्वतःच्या हातानं फुलांची चक्रं उतरवून त्यानं खटका वर केला.

तास-दीड तासानं लोखंड लाल झालं. गव्हाची वाटी परत फिरली. या वेळी ती खीर होती, असं आबा अजूनही म्हणतात.

गेली काही वर्षं मी निवृत्त आहे. तात्यांनी रोमानियातला कारखाना दोन वर्षांपूर्वी विकला. वीज महागली, गिऱ्हाईक घटलं, कारणं त्यांच्याकडंही भरपूर होती. आबांचा मला फोन आला. आवाजात दमच नव्हता. "चौगले, आता तिथं भट्टी ठिवून काय करायचं?" पुण्याचा सल्लागार पुन्हा येऊन गेला होता. बाण तेच, या वेळी तोंडं उलटी.

मी दोन्काला फोन केला. वाईट बातमी आपल्या तोंडून कळावी एवढंच मनात होतं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "स्वातच्या कारखान्याचा फोटो तुझ्याकडं आहे?" मी पाठवला. दोन दिवसांनी तिच्याकडून आबांच्या फोनवर एक चित्र आलं. आपल्या फौंड्रीचं गेट, त्यावर काळ्या चौकटीचा कागद, त्यात तात्यांच्या कारखान्याचा फोटो, सुरू झाल्याचं साल, विकल्याचं साल. मागं पेटती भट्टी आणि तिच्यासमोर मान खाली घालून उभे असलेले आमचे कामगार.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही सल्लागाराला सुचलं नसतं. त्यांनी ते चित्र पै-पाहुण्यांच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं. तात्या त्या ग्रुपवर होतेच. एकदा टाकल्यावर भट्टी बंद करायची सोयच राहिली नाही.

मला एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. दोन्काची मुलगी काही परत आली नाही. भट्टी राहील का, याचं उत्तर कुणीच तिला छातीठोक देऊ शकलं नाही, आणि तिनं तरी कोल्हापूरच्या इर्षेवर संसार का मांडावा?

या उन्हाळ्यात तात्यांच्या छातीत दुखलं. झटका आला म्हणा, दोन ठिकाणी नळी घालावी लागली. मी दोन्काला सहज बोलून गेलो. तेव्हापासून तिचा फोन आला की पहिला प्रश्न, तात्या कसे आहेत. गावच्या चर्चमध्ये दर रविवारी त्यांच्या नावानं मेणबत्ती लागते म्हणाली. "पथ्य पाळतात ना? त्यांना सांग, दीडशे घरं त्यांच्या जिवावर आहेत."

निरोप पोचवायला मी परवा गडहिंग्लजला गेलो. तात्या जेवायला बसले होते. डॉक्टरांनी बंद केलेलं मटण पुढ्यात, वर तर्रीचा बोट-बोट थर. मी मेणबत्तीचं सांगितलं.

"माझ्यासाठी?" तात्यांचा घास हातातच राहिला. "तिथलं कोण वळखतंय मला? का लावत्यात, बाबा?"

या वेळी मी घड्याळाकडं बघितलं नाही. खरं तेच सांगितलं. म्हणालो, "तात्या, तुम्ही आहात तोवर आबा ती भट्टी बंद करत नाहीत. तुम्ही गेलात की बंद पडली म्हणून समजा."

मला वाटलं, खूश होतील. पण त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"आणि ती बंद पडली," तात्या म्हणाले, "तर मग आबाला तरी काय ऱ्हायलं?"

त्यांनी मटणाची वाटी हातानं लांब सारली आणि आत हाक मारली, "सूनबाई, ते दोडकं आण गं."